लिंबाचा हूक

दामोदरने मला फसवलं. माझ्या लिंबाच्या हुकाची त्याने नक्कल केली, आणि नक्कल करताना हूक जाड केला. त्या जाड हुकाने दापोऱ्याच्या सुभाष चौधरीचा उजवा पाय गुडघ्याखाली मोडला, आणि नाव माझं झालं.

जाड करून कोणी फसवतं का, असं तुम्ही विचाराल. लोखंडाच्या धंद्यात फसवणूक म्हणजे बारीक करणं, हे कोणालाही कळतं. जाड करूनही फसवता येतं हे कळायला गाडीच्या पोटाखाली तीस वर्षं पाठ टेकावी लागते. मी टेकली आहे. संपादकांनी सांगितलं होतं की कामातल्या गमतीजमती लिहा, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं लागतं. गमतीही येतील. पण डोक्यात जे पहिलं आहे ते कागदावरही पहिलंच येणार.

बऱ्हाणपुरात शनवारा वेशीच्या अलीकडे माझं वर्कशॉप आहे. चिखलात, नाल्यात, घाटात अडकलेली गाडी ओढून काढायचं सामान मी गाड्यांना बसवतो. पुढच्या बाजूला विंच, म्हणजे बॅटरीवर फिरणारं एक रीळ. त्याच्यावर तारेचा किंवा हल्ली नायलॉनसारखा दोर गुंडाळलेला असतो. दोराचं टोक समोरच्या झाडाला बांधायचं, बटण दाबायचं, रीळ दोर गिळत जातं आणि गाडी स्वतःला ओढून वर येते. विंच नसेल तर निदान दोन दणकट हूक लावायचे, म्हणजे दुसऱ्याला आपल्याला ओढता येतं. ऐकायला एवढंच आहे. विंच विकत कोणीही आणतो. ते कशावर बसवलं आहे, हा सगळा प्रश्न आहे.

बंपरवर बसवलं तर बंपर उपटून जातो. गाडीचं खरं हाड म्हणजे चासी. इंजिनाखालून मागपर्यंत गेलेले दोन लांब लोखंडी दांडे. ओढ त्या हाडावर यायला हवी. म्हणून मी एक जाड पट्टी कापतो, ती दोन्ही दांड्यांवर बोल्टांनी आवळतो, आणि विंच व हूक त्या पट्टीवर बसवतो. आवळतो म्हणालो, वेल्डिंग करतो असं म्हणालो नाही. चासीला वेल्डिंगची आग लागली की शेजारचं लोखंड कडक आणि ठिसूळ होतं, आणि तिथूनच एक दिवस तडकतं. बोल्टच्या डोक्यावर त्याच्या ताकदीचे आकडे कोरलेले असतात. ते आकडे नसलेला बोल्ट माझ्या वर्कशॉपात फक्त कॅलेंडर टांगायला वापरतात. पहिली ओढ झाली की गाडी परत आणायची, मी प्रत्येक बोल्टवर पुन्हा पाना फिरवणार. आणि दोर ताणलेला असताना त्यावर ओलं पोतं टाकायचं, म्हणजे तो तुटलाच तर उडण्याऐवजी खाली पडतो. माणसांनी दोराच्या रेषेत उभं राहायचं नाही. शक्यतो त्या बाजूलाच राहायचं नाही.

हे सगळं मला कागद कारखान्यातल्या जोशीकाकांनी शिकवलं. ते साताऱ्याकडचे, कारखान्यात फिटर होते, निवृत्त झाल्यावर माझ्या स्टुलावर येऊन बसायचे. मी तेव्हा नुसता गेट-ग्रिल जोडणारा वेल्डर होतो. ते म्हणायचे, "तू डोळ्यांनी जोडतोस रे. हातानं जोड. अंगठा फिरव त्या सांध्यावरून." त्यांचा अंगठा सांध्यावरून फिरायचा तेव्हा ते डोळे मिटून घ्यायचे. मला वाटायचं, म्हाताऱ्याला झोप लागली.

आता मीही डोळे मिटतो. गाडीखाली उताणं पडलं की वर एक वेगळंच आकाश असतं. काळं, गार, तेलाच्या वासाचं. त्यात नळ्यांच्या नद्या जातात, कुठे एक थेंब धरून राहिलेला असतो, पडत नाही. बाहेर रस्त्यावर ट्रकांचे आवाज चालू असतात, पण ते तापीच्या पलीकडच्या काठावरून आल्यासारखे वाटतात. पान्याच्या धक्क्याने वाळलेला चिखल तोंडावर पडतो. मला चिखलावरून गाव कळतं. दापोऱ्याचा चिखल काळा, लोण्यासारखा, वाळला की त्याची नखाएवढी खपली निघते. असीरगडाकडचा मुरमाचा, लालसर, तो दातांखाली कचकचतो. जसोंडीच्या चिखलात केळीच्या पानाचे धागे असतात. कितीदा तिथेच डोळा लागला आहे. स्वप्नात मी गाडीखालीच असतो, पण गाडी हळूहळू वर वर जात असते, ढगासारखी, आणि मी तिचे बोल्ट मोजत असतो. कधी पूर्ण मोजून झाले नाहीत.

बायको म्हणते, घरी गादीवर झोप येत नाही तुम्हाला, पण लोखंडाखाली घोरता. खरं आहे. आयुष्यात मला शांत वाटलेली ती एकच जागा. बाहेर आलो की मी भांडतो.

भांडतो म्हणजे काय, भाव करतो. माझा बाप कापसाच्या गोण्या उचलायचा. मला जे मिळालं ते मी बोलून मिळवलं. भंगारवाल्याशी ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्यांसाठी अर्धा अर्धा दिवस बोलायचो. गिऱ्हाइकांशीही. पण एका गोष्टीवर मी कधी भाव केला नाही, ती म्हणजे बोल्ट. गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्तरी, आठ बोल्ट काय करता, सहात भागवा." मी म्हणायचो, "चार चाकं आहेत, तीनात भागव." तो पुढे बोलला तर मी पाना आपटायचो. लोक म्हणत, मिस्तरी तापट आहे पण काम चोख आहे. मला दोन्हींचा सारखाच अभिमान होता.

आता लिंबाची गोष्ट.

आमच्याकडे गाडी नवी असो की जुनी, शनिवारी तिच्या पुढे लिंबू-मिरची बांधतात. कुठे बांधतात? गाडीच्या पुढे खाली, मधोमध किंवा जरा बाजूला, एक बारीक लोखंडी कडी असते. कंपनीतून गाडी ट्रेलरवर चढवून आणतात तेव्हा ती हलू नये म्हणून त्या कडीत पट्टा अडकवतात. तिचं काम तेवढंच, आणि ते गाडी शोरूमला पोचली की संपतं. पण आमच्या लोकांना ती कडी लिंबासाठीच ठेवलेली वाटते. वर्षानुवर्षं दर शनिवारी मालक तिथे वाकतो, जुनं सोडतो, नवं बांधतो. त्यामुळे गाडीच्या पुढच्या बाजूला हाताला माहीत असलेली एकच जागा तयार होते. मग गाडी रुतली, ट्रॅक्टर आला, दोर घेऊन माणूस वाकला, की हात अंधारातही त्याच कडीकडे जातो. लिंबू बाजूला सारतो आणि दोर अडकवतो.

जसोंडीच्या रस्त्यावर मी ते डोळ्यांनी पाहिलं. केळीने भरलेला पिकअप, कापणी झालेली, संध्याकाळच्या आत घड मोठ्या ट्रकवर चढायला हवेत, नाहीतर व्यापारी तोंड फिरवतो. सगळे घाईत. मी ओरडेपर्यंत ट्रॅक्टरने झटका दिला. ती कडी सुटली आणि शीळ घालत ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्यातून आरपार गेली. दिव्याच्या जागी माणूस नव्हता, एवढंच. दोन्ही बाजूंना केळीची पानं हलत होती, आणि चिखलात एक हिरवं लिंबू अख्खं पडलेलं होतं.

त्या दिवशी परत येताना मला समजलं की लोकांना कितीही सांगितलं तरी त्यांचा हात लिंबाकडेच जाणार. हाताला बोलून पटवता येत नाही. मी सगळ्यांशी भाव केला, पण सवयीशी भाव होत नाही. मग मी लिंबालाच वेगळी जागा दिली.

माझ्या पट्टीवर दोन्ही बाजूंना, चासीच्या दांड्यांसमोर, दोन खरे हूक असतात, मनगटाएवढे. आणि मधोमध, पुढच्या पातळ झाकणपत्र्यावर, मी एक छोटा बारीक हूक लावू लागलो. सायकलच्या स्पोकपेक्षा थोडा जाड, बस. लिंबू-मिरचीचं वजन पेलेल एवढाच. कोणी चुकून त्यात दोर अडकवला तर पहिल्या ओढीलाच तो शेवईसारखा सरळ होतो, दोर गळून पडतो. दोरात ताण साठायला वेळच मिळत नाही, म्हणून काही उडत नाही. माणूस शरमून बाजूच्या हुकाकडे जातो. बारीक होता म्हणूनच तो हूक सुरक्षित होता.

लोकांना त्याचं भारी कौतुक वाटलं. मिस्तरीने देवाचीही सोय केली म्हणायचे. बायका यायच्या, हूक वाकवून बघायच्या. "मिस्तरीची पट्टी" ओळखायची खूण तीच झाली. मी कधी नाव कोरलं नाही. मध्ये लिंबू लटकतंय, म्हणजे शनवाऱ्याच्या मिस्तरीचं काम. एका लग्नाच्या वरातीसाठी तर एकाने नुसता तो हूक मागितला, विंच नको, पट्टी नको. मी त्याला हाकलला. मग परत बोलावला आणि लावून दिला, कारण नवरदेव बाहेर उन्हात उभा होता आणि रडकुंडीला आला होता.

इंदूरचे हौशी लोकही यायचे. पावसाळ्यात असीरगडाच्या डोंगरात गाड्या घेऊन खेळायला जातात. एकाने एवढं मोठं विंच बसवून घेतलं की रेल्वेचा डबा ओढावा, आणि मला म्हणाला, "वायर मत जोड़ना, सिर्फ़ दिखने के लिए है." मी जोडलीच. त्याच पावसाळ्यात तो दापोऱ्याकडे शेतरस्त्यात रुतला, आणि वायर जोडलेली निघाली म्हणून खूश झाला. समोर केळीचा बाग. त्याने विंचचा पट्टा केळीच्या झाडाला गुंडाळला. आता केळी म्हणजे झाड नाही, उभं पाणी आहे. बटण दाबलं, झाड घडासकट चालत त्याच्याकडे आलं. त्याने दुसऱ्याला बांधलं. तेही आलं. चार झाडं बोनेटवर येऊन पडली तेव्हा शेताचा मालक आला. शेवटी ट्रॅक्टरनेच काढलं. सांगायचा मुद्दा हा की आमच्या भागात विंच असूनही दोर बांधायला जागा नसते. मैलभर नुसती केळी. गाडी बांधून घ्यायला दुसरी गाडीच लागते. म्हणून इकडे विंचपेक्षा हुकांचं महत्त्व जास्त.

दामोदर माझ्याकडे अकरा वर्षं होता. नोकर म्हणा, भागीदार म्हणा, आम्ही कधी कागद केला नाही. माझ्याइतक्याच वयाचा, कमी बोलणारा, हात माझ्यापेक्षा साफ. पहिला लिंबाचा हूक मी वाकवला तेव्हा पकडीचं दुसरं टोक त्याच्या हातात होतं. आम्ही दोघांनी तो माझ्याच जीपला लावून, दोर बांधून, मुद्दाम ओढून पाहिला होता. हूक सरळ झाला, दोर गळला, आणि दामोदर हसला. तो हसल्याचं मला तेवढं एकदाच आठवतं.

मग एक गिऱ्हाईक आलं. म्हणालं, एवढी जाड पट्टी अन् त्याच्यावर हे काय काडीसारखं, शोभत नाही, जाड सळईचा करा. मी समजावलं. त्याला पटेना. दामोदर मला बाजूला घेऊन म्हणाला, "देऊन टाक ना भाऊ. मागू राहिला तर दे. त्याची गाडी, त्याचं लिंबू."

"तुला माहीत आहे ना बारीक का आहे?"

"मला माहीत आहे. त्याला कशाला माहीत पाहिजे? तू प्रत्येकाला शाळा शिकवतो, अन् गिऱ्हाईक जातं."

मी पाना फेकला. त्याला मारायला नाही, भिंतीवर. पण तो त्याच्या कानाजवळून गेला. त्याने हात पुसले, चप्पल घातली, आणि गेला. बायपासवर त्याने स्वतःचं वर्कशॉप टाकलं. मी बोलावलं नाही. कधीकधी गाडीखाली पडलो असताना पाना मागायला मी हात बाजूला काढायचो, आणि हात बराच वेळ तसाच राहायचा.

दामोदरचं दुकान चाललं. त्याच्या पट्ट्याही दोन्ही दांड्यांवर बोल्टांनी आवळलेल्या, आकडेवाले बोल्ट, आठच. खोट काढायला जागा नाही, सगळं माझ्याकडूनच नेलेलं. फक्त मधला लिंबाचा हूक त्याने अंगठ्याएवढ्या सळईचा केला. दिसायला भरदार. लोक विचारायचे, "मिस्तरीचीच पट्टी ना?" तो म्हणायचा, "तीच." हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच माहीत होतं की तोही पट्ट्या बनवतो.

सुभाष चौधरीने जीप असीरगडाकडून जुनी घेतली होती, पट्टी लावलेलीच. सुभाष स्वतःची केळी करतो आणि पावसाळ्यात आसपासच्या शेतांतून रुतलेले पिकअप काढून देतो. शांत माणूस. ज्याच्या शेतात जातो तिथे आधी बांधावर बसून पाणी पितो, मग दोर सोडतो. नुकतीच घेतलेली जीप तो मला दाखवायला आला. शनिवार होता.

मी बाहेर स्टुलावर होतो. समोर भंगारवाला, त्याच्या हातगाडीवर ट्रकचे पाटे, आणि आमचं बोलणं अशा जागी आलेलं की तो आता वाकणार हे मला त्याच्या मानेवरून दिसत होतं. भाव करणाऱ्यालाच कळेल ती घटका. त्या वेळी नजर हलवायची नसते. नजर हलली की समोरचा सावरतो.

सुभाष गाडीतून उतरला. "मिस्तरीभाऊ, पट्टी तुमचीच आहे ना? जरा खाली जाऊन पाहून घ्या ना. जुनी गाडी आहे, मले काही समजत नाही."

मी मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. पट्टी माझ्या मापाची. मधोमध ताजं लिंबू, सात हिरव्या मिरच्या, भरगच्च जुडी. तिच्यामागे हूक होता, पण तो दिसत नव्हता. लिंबाने आणि मिरच्यांनी झाकलेला.

"माझीच आहे," मी म्हणालो. "जा बिनधास्त."

"एकदा खाली जाऊन—"

"अरे माझीच आहे म्हटलं ना. माझं काम मी ओळखत नाही का?"

भंगारवाल्यासकट चार माणसांनी ते ऐकलं. सुभाष गेला. भंगारवाला वाकला. पाटे मला हव्या त्या भावात मिळाले. आजही ते मागच्या भिंतीला उभे आहेत. एकही कापला नाही.

त्यानंतर पंधरा-वीस दिवसांनी सुभाषची जीप दापोऱ्याच्या नाल्यात उतरताना नाकावर बसली. बाजूचे दोन्ही खरे हूक चिखलात गाडले गेले. वर राहिला मधला. शेजारच्या शेतातून ट्रॅक्टर आला, जाड नायलॉनचा दोर होता. सुभाषची बायको मंगला वहिनी स्टिअरिंगवर बसल्या, सुभाष ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाजवळ उभा राहून हात दाखवत होता. ट्रॅक्टरवाला दोर घेऊन वाकला. त्याचा हात कुठे गेला हे सांगायला नको. माझा बारीक हूक असता तर सरळ झाला असता, दोर गळला असता, त्यांनी फावडं आणून बाजूचा चिखल काढला असता. पण हा जाड होता. जाड हुकाने दोराला धरून ठेवलं. नायलॉन ताणत गेला, रबरासारखा, आणि मग हूक नाही, हुकामागचा पातळ पत्राच फाटला. अंगठ्याएवढी सळई पत्र्याच्या तुकड्यासकट सुभाषच्या पायावर आली.

मला हे दृश्य दिसतं. मी तिथे नव्हतो, तरी दिसतं. त्यात आवाज नसतो. दोर ढगातून आल्यासारखा सावकाश येतो, त्याच्या टोकाला लिंबू असतं, आणि सुभाष अजून हात दाखवत असतो, थोडं डावीकडे, थोडं डावीकडे.

मी दवाखान्यात गेलो नाही. हिंमत झाली नाही. महिन्याने त्यांच्या घरी गेलो. सुभाष ओसरीवर खाटेवर होता, पायात सळया बसवलेल्या. डॉक्टरांनी सांगितलं होतं की चालेल, पण गाडी चालवणं, चिखलात उतरणं विसरा. ब्रेकवर पाय नेताना घोटा वळणार नाही. तो माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "या मिस्तरीभाऊ. बसा." त्याला माझ्यावर राग नव्हता. तेच मला सहन झालं नाही.

मंगला वहिनींनी पाणी आणलं. मग आत जाऊन फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी आणलं आणि तांब्याशेजारी ठेवलं. हूक होता. मी डोळे मिटून त्याच्यावर अंगठा फिरवला. वेल्डिंग सुरेख होतं, एकसारखं, माशाच्या खवल्यासारखं. दामोदरचा हात. अकरा वर्षं मी तो हात पाहिला आहे.

"हा तुमचा?" वहिनींनी विचारलं.

"नाही वहिनी. माझा एवढा जाड नसतो. माझा बारीक असतो, मुद्दाम. हा दामोदरचा आहे."

"मंग त्या दिवशी माझा आहे असं कसं म्हटलं?"

सुभाष म्हणाला, "जाऊ दे गं."

"जाऊ दे कसं? मी इचारू राहिली. तुम्ही खाली जाऊन पाहून घ्या म्हटलं होतं ना त्यांले? मंग? पाहिलं का त्यांनी?"

मी म्हणालो, "नाही पाहिलं."

"काहून?"

मी भाव करत होतो, हे मला सांगता आलं नाही. आज लिहितो. वहिनी, मी भंगारवाल्याशी भाव करत होतो. नजर हलवली असती तर सौदा गेला असता. म्हणून मी खाली वाकलो नाही. आयुष्यभर मी गाडीखाली झोपलो, आणि ज्या दिवशी एकदाच पाठ टेकायची होती त्या दिवशी स्टुलावर बसून राहिलो. तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे, आणि ते चार लोकांसमोर द्यायला हवं होतं म्हणून छापून देतो आहे.

दापोऱ्याहून मी सरळ बायपासवर गेलो. दामोदर गाडीखाली होता. नुसते पाय दिसत होते. मी बाहेरूनच बोललो. हूक कसा होता, पत्रा कुठे फाटला, सगळं. त्याने ऐकून घेतलं. पाना फिरवायचा थांबला नाही.

"झालं?" तो आतून म्हणाला.

"दापोऱ्याला चल. सुभाषसमोर बस अन् सांग हूक तुझा आहे."

"माझा कसा? तू म्हटला ना तुझा आहे. चार लोकांनी ऐकलं. मी तर तिथं नव्हतो."

"दामोदर, वेल्डिंग तुझं आहे."

"वेल्डिंग तूच शिकवलं." पाना जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला. "हे बघ भाऊ. तू माझा म्हणून मोकळा झाला. आता मी माझा म्हणू तर दोघांचं दुकान बसतं. तुझ्या एका शब्दात माझं भागतं आहे, तर मी कशाला बोलू? तूच मला शिकवलं, समोरचा स्वतःहून वाकला की आपण गप्प राहायचं."

तो बाहेर आला नाही. मीही वाकून त्याचं तोंड पाहिलं नाही. थोडा वेळ मी त्याच्या पायांकडे बघत उभा होतो. डाव्या चपलेचा अंगठा तुटलेला होता आणि तारेने बांधला होता. माझ्या हातात पाना नव्हता. असता तरी मी फेकला नसता.

आता गावात असं आहे की मिस्तरीची पट्टी फाटली आणि सुभाषचा पाय गेला. कोणी तोंडावर बोलत नाही. नवी कामं बायपासवर जातात. ते मी सहन करीन. त्यातला अर्धा वाटा माझाच आहे आणि मी तो वर लिहून दिला आहे. कुठे तक्रार करावी तर लोक विचारतात, पट्टी तुमचीच ना, तुम्हीच सांगितलं. माझं तोंड माझ्याच शब्दाने शिवलेलं आहे.

पण गोष्ट माझ्या नावाची नाही. दुपारी मी वर्कशॉपाच्या दारात उभा राहतो, आणि हमरस्त्यावरून जीपा जातात, इच्छापूरकडे, असीरगडाकडे, धूळ खात. शनिवारी प्रत्येकीच्या पुढे ताजं लिंबू. आणि लिंबामागे काय आहे ते मला दिसत नाही. काही बारीक आहेत, माझे. काही जाड आहेत. मी हात करून गाड्या थांबवतो. काही थांबतात, काही वेडा म्हणून पुढे जातात. थांबल्या की मी जुडी बाजूला करतो, अंगठा फिरवतो, आणि जाड निघाला तर आरीने कापून देतो. अशा आतापर्यंत थोड्याच सापडल्या. बाकीच्या कोणत्या गावात, कोणाच्या दारात उभ्या आहेत, कोणाचा नवरा, कोणाची बायको पुढच्या पावसाळ्यात त्यांच्यासमोर हात दाखवत उभी राहणार आहे, हे एकच माणूस सांगू शकतो.

दामोदर, हा अंक तुझ्या दुकानावर मी स्वतः आणून देणार आहे. सुभाषसमोर बसायचं की नाही ते तू ठरव. माझं नाव धुऊन दे असंही मी म्हणत नाही. मला एकाच प्रश्नाचं उत्तर हवं आहे, आणि ते पावसाच्या आधी हवं आहे. तू किती हूक लावलेस, आणि कोणाकोणाच्या गाडीला?